दोन खुर्च्यांचा गेम

सांगली, १२ एप्रिल १९९९

अवधूत,

अक्षर ओळखून पाकीट फाडू नकोस. भांडायला लिहीत नाही. तुझा बंगलोरचा पत्ता मी फेब्रुवारीतच तुझ्या घरून आणला होता, पण लिहावंसं वाटलं नव्हतं. आता लिहावं लागतंय.

शनिवारी पुण्याहून एक माणूस अँटिव्हायरस विकायला क्लासवर आला होता. नमुना दाखवायचा म्हणून त्याने लॅबमधल्या आठही मशीनमध्ये आपली फ्लॉपी घातली आणि आठही मशीनमध्ये एकच व्हायरस निघाला. हा व्हायरस वर्षभर गप्प असतो म्हणे. या फाइलीतून त्या फाइलीत जात राहतो आणि सव्वीस एप्रिलला हार्ड डिस्क पुसून टाकतो. काही मशीन तर नंतर सुरूच होत नाहीत. हे सगळं तो चहा पिता पिता सांगत होता आणि मी त्याच्या मागे खडू धरून उभी होते. मग त्याने लागण झालेल्या फाइलींची यादी तारखेप्रमाणे लावली. सगळ्यात वर नाव होतं गेमकर.

आपला गेमकर. भाजी मंडईवरच्या खोलीत बसून गेम बनवणारा, लाइट गेली की मेणबत्ती शोधणारा, बुरशी लागलेल्या फ्लॉपी कापसाने पुसणारा. वीस जणांच्या हातात आपला गेम पोचवला की जिंकणारा. गेम बनवण्यावरच गेम काढलाय म्हटल्यावर सगळा वर्ग हसला होता, आठवतं?

व्हायरस तुझ्या फ्लॉपीतून आला असणार. डिसेंबरात तू पुण्याहून डझनभर आणल्या होत्यास आणि एकही तपासली नव्हतीस. तिकडे कोणाकोणाला गेम दिलायस ते बघ आणि त्यांना सांग.

इकडे मी एकतीस जणांना दिलाय. तू गेल्यानंतर दिलाय, आणि का दिलाय तेही सांगून टाकते. आपल्या वर्गातला विट्याचा धुळा तुला भेटून आला, तेव्हा त्याने तू नोकरीच्या मुलाखतीत दाखवलेला गेमकर आणून मला दाखवला. "आम्रे, लय भारी केलाय बघ त्यानं," म्हणत होता बिचारा. मी बघत होते ती गेममधली खोली. आपण केली होती तेव्हा तिच्यात दोन खुर्च्या होत्या. एकीवर गेमकर आणि दुसरीवर त्याची साथीदार, चित्रं काढणारी. तुझ्या खोलीत एकच खुर्ची होती. नाव पण एकच होतं. मग मी माझा दोन खुर्च्यांचा गेम मिळेल त्याला वाटला, माझं नाव वर घालून.

त्यातली एक कॉपी कोरेगावला तुझ्या घरी आहे. तुझ्या आईच्या कॉम्प्युटरवर.

गोदावरीकाकूंना झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या डाव्या हाताने माउस हलवतात, चित्रावर टिचकी मारतात, आणि स्पीकरमधून तुझा आवाज बोलतो. चहा दे. पाठ दुखते. खिडकी उघड. हा प्रोग्रॅम तूच लिहिलास, तुला मी काय सांगायचं. मला फक्त एवढंच कळव की त्याची दुसरी प्रत तुझ्याकडे आहे की नाही.

आम्रपाली


सांगली, १९ एप्रिल

अवधूत,

तुझं उत्तर नाही. ऑफिसच्या नंबरवर दोनदा फोन केला. एकदा कोणीतरी कन्नडमध्ये काहीतरी बोललं आणि ठेवून दिला, दुसऱ्यांदा वाजतच राहिला.

मी यादी केली आहे. गेम कोणाला दिला आणि त्यांनी पुढे कोणाला दिला. एकतिसाचे आता चव्वेचाळीस झालेत आणि काल कळलं की धुळ्याने विट्यातल्या एका पतसंस्थेतही कॉपी टाकली आहे. त्याला हौस. मी त्याला जेव्हा सांगितलं तेव्हा तो तसाच सायकलवर टांग मारून गेला.

नानासोंना त्या शनिवारीच, दहा तारखेला, सांगितलं होतं. क्लास त्यांचा, गेमच्या पहिल्या पानावर क्लासचं नाव, त्यांना सांगणं भाग होतं. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मला समोर बसवलं.

"मे महिन्यात ॲडमिशनी हायत. हितनं रोग पसरला म्हणून गावात झालं, तर कोण येतंय? आपली मशिनी साफ कर आणि गप ऱ्हा. आणि तुला मास्तरीण म्हणून घेतली तवा लोक मला काय काय बोलल्यात, ते तुला ठाऊक हाय न्हवं?"

ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे. तेव्हा तू माझ्या बाजूने बोलला होतास. आमच्या वस्तीतून टेबलामागे बसणारी मी पहिली, आणि खुर्ची गेली तर हे सगळे म्हणणार की बघा, सांगत होतो. आईला मी अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही. ती विचारते, जेवत का नाहीस. मी म्हणते, उन्हाळा आहे.

म्हणून लोकांना खरं सांगत नाही. पुण्याचं पत्रक आलंय, सोमवारी सव्वीस तारखेला मशीन लावू नका, एवढंच सांगते. कारण विचारलं की पुन्हा पत्रकाचंच नाव सांगते. मलकापूरला फोटो स्टुडिओवाले सयाजी आहेत ना, आपल्या प्रदर्शनाचे फोटो काढलेले, ते मोठ्याने हसले. कॉम्प्युटरला पण पंचांग लागतंय का म्हणाले. लग्नसराईचे दिवस, सोमवारी त्यांच्याकडे रीघ असणार. मी खरं सांगितलं असतं तर थांबले असते का? माहीत नाही. बसमध्ये बसल्यावर मागे वळावंसं वाटलं, पण वळले नाही.

हल्ली तारीख लिहायची भीती वाटते. फळ्यावर रोज सकाळी तारीख लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. आज एकोणीस लिहिताना खडू मोडला. पोरं हसली.

कोरेगावची काळजी करू नकोस. तिथे निरोप दिला आहे.

आम्रपाली


सांगली, २६ एप्रिल, सोमवार

अवधूत,

दुपारचा एक वाजला आहे. क्लासला आज सुट्टी दिली आहे. नानासो बाहेर स्टुलावर बसून येणाऱ्या पोरांना फॅन दुरुस्तीचं सांगून परत पाठवताहेत. मी लॅबमध्ये बसले आहे. मशीन सगळी बंद आहेत. ती साफ केलेलीच आहेत, तरी बंद आहेत.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार ओळी. तुझ्या सगळ्या फ्लॉपी तिकडच्या ऑफिसात आत येताना तपासल्या जातात, एकीतही काही निघालं नाही, डिसेंबरातली डझनही त्यातच आहेत. मुलाखतीसाठी तू नव्याने लिहिलेला गेमकर साफ आहे. काकूंच्या प्रोग्रॅमची दुसरी प्रत नाही, घाईत करायची राहिली. आणि शेवटी लिहिलंस, "मग व्हायरस कुठून आला?"

दोन दिवस मी हा प्रश्न घेऊन फिरते आहे. आता लिहिते.

तो माझ्याकडून आला. दुसऱ्या खुर्चीचं चित्र आपल्या प्रोग्रॅममध्ये नीट जमत नव्हतं. म्हणून मी मिरजेच्या एका ओळखीच्या मुलीकडून चित्रं काढायचा फुकटचा प्रोग्रॅम आणला होता. जानेवारीत, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, तू चहा सांगायला खाली गेला होतास. तेव्हा आपल्या जुन्या अँटिव्हायरसने पडद्यावर चौकोन दाखवला. गेमकरची फाइल बदललेली आहे, पुढे जायचं का. मी वाचलं. तुला हाक मारली असती तर तू सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं असतंस. सकाळी दहाला प्रदर्शन होतं. मी हो दाबलं. तू चहा घेऊन आलास आणि आपण चहा प्यालो.

तो चौकोन मी विसरले असं मी स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. फेब्रुवारीत तुझ्या घरी गेले, तेव्हा गुरुजी आत पत्ता शोधत होते. मी काकूंच्या कॉम्प्युटरजवळ उभी होते. फ्लॉपी हातात होती आणि तो चौकोन डोळ्यांपुढे आला. तरी मी ती आत घातली. गुरुजींनी दोन खुर्च्या बघाव्यात, माझं नाव बघावं, आपल्या मुलाने काय केलं ते त्यांना कळावं, एवढंच डोक्यात होतं. त्यांना मात्र फार आवडला गेम. हसून म्हणाले, दोघांनी छान केलाय. काही कळलंच नाही त्यांना.

संध्याकाळ. आता फोन केले. विट्याची पतसंस्था बंद होती, वाचली. कराडचे तिघे वाचले. इस्लामपूरचे दोघे वाचले. सयाजींनी सकाळी नऊला मशीन लावलं आणि ते गेलं. पाच लग्नांचे अल्बम त्यात होते. फोनवर त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट. मला म्हणाले, "पोरी, तुला म्हाईत हुतं व्हय?" मी म्हटलं, पत्रकात होतं.

पण तारीख संपत आली. कोरेगावला शेजारच्या किराणा दुकानात फोन करून निरोप दिला होता, तसं गुरुजींनी दिवसभर बंदच ठेवलं होतं. आता सगळ्यांना हळूहळू साफ करणारी फ्लॉपी नेऊन देईन. आज दोन घास जेवले.

आम्रपाली


सांगली, २८ एप्रिल

अवधूत,

हे पत्र पोस्टाच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर माफ कर.

दुपारी कोरेगावला फोन केला होता, शुक्रवारी फ्लॉपी घेऊन येते म्हणून सांगायला. गुरुजी दुकानात आले. काकू ठीक आहेत म्हणाले, कालपासून पुन्हा बोलायला लागल्यात, सोमवारी दिवसभर रुसून बसल्या होत्या. मग हसत म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरला आमच्याइतकीच विस्मृती गं. पेन्शनचा अर्ज टाइप केला, तर त्यानं आपणहून तारीख घातली पंचवीस. मला खाडाखोड करावी लागली."

मी विचारलं, आज पंचवीस दाखवतोय? म्हणाले, होय, कायमच दोन-तीन दिवस मागं असतो, आतला सेल गेलाय असं अवधूत म्हणायचा.

अवधूत, त्या मशीनची सव्वीस तारीख उद्या आहे.

मी ओरडले, गुरुजी लावू नका, आणि लाइन गेली. तिकडे वळीव सुरू झाला असणार, त्यांच्या बोलण्यात मागे पत्र्यांचा आवाज येत होता. त्यानंतर अकरा वेळा लावला. नुसती टूं टूं. एसटीडीवाल्याने शेवटी सांगितलं, ताई, कोरेगावची लाइन पडलीय, उद्यापर्यंत काही होत नाही. तार करायला इथे आले तर ते म्हणतात, हातात पडायला उद्याची दुपार होईल. तरी केली. आजची शेवटची गाडी गेली आहे. सकाळच्या पॅसेंजरने निघते.

काकूंना गुरुजी दहाला कॉम्प्युटरपुढे बसवतात.

आणि हेही लिहून टाकते, नाहीतर नंतर लिहिणार नाही. निरोप दिला म्हणून तुला लिहिलं, तो खोटा होता. मी गुरुजींना सांगितलं होतं की सोमवारी वीज मंडळाचं काम आहे, व्होल्टेज वरखाली होणार आहे, कॉम्प्युटर जळेल. व्हायरस म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं कुठून आला. ते हुशार आहेत. खरं सांगितलं असतं तर तारखेचा घोळ त्यांच्याच लक्षात आला असता.

आम्रपाली


कोरेगाव, ३० एप्रिल

अवधूत,

हे तुझ्या घरून लिहिते आहे. ओट्यावर बसले आहे. पत्र वाचून मग काय ते ठरव, पण शेवटपर्यंत वाच.

काल सकाळी गाडी वेळेवर सुटली. कराडपर्यंत ठीक आली. मसूरला क्रॉसिंगसाठी थांबली ती पाऊण तास हललीच नाही. मी खाली उतरले, गार्डला विचारलं, पुन्हा चढले. समोरच्या बाई म्हणाल्या, कुणी सिरियस हाय का गं? मी हो म्हटलं. दहा तिथेच वाजले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, पण सगळ्या डब्यात घड्याळंच दिसत होती. रहिमतपूर गेल्यावर मला वाटायला लागलं की वळवात लाइट गेली असेल. ती गेलेलीच असू दे, एवढंच मी मनात घोकत होते.

स्टेशनवरून चालत सुटले. रस्त्यात झाडाच्या फांद्या पडल्या होत्या. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीचा आवाज आला. लाइट होती.

गुरुजी दारातच भेटले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. उलट हात धरून आत नेलं. "ये. तू म्हणाली होतीस तसंच झालं बघ. सोमवारी जपला आणि आज गेला. वळवानं व्होल्टेज वाढलं असणार. आता त्याला कोण काय करणार?"

काकू खुर्चीत होत्या. पडदा काळा, वर कोपऱ्यात इंग्रजीतली एक पांढरी ओळ. त्यांचा डावा हात माउसवर होता आणि त्या टिचकी मारत होत्या. थांबत होत्या, स्पीकरकडे बघत होत्या, पुन्हा मारत होत्या. गुरुजी म्हणाले, दहापासून हेच चाललंय, हात काढू देत नाही.

मी खाली बसले. अवधूत, मला निसटायची सोय होती. गुरुजींनीच ती करून दिली होती. माझं खोटं त्यांनी स्वतःहून खरं करून टाकलं होतं, आणि वर मलाच पाणी दिलं, उन्हातून आलीस म्हणून. मी मान हलवून परत गेले असते तर या घरात कोणालाच कधी कळलं नसतं. तुला पत्रं लिहिली नसती तर तुलाही नाही. या सगळ्याचा मी तिथे बसून विचार केला. किती वेळ, सांगता येत नाही. काकूंची टिचकी चालूच होती.

मग मी म्हटलं, "गुरुजी, व्होल्टेज नव्हतं. व्हायरस होता. माझ्या गेममधून आला आणि मला माहीत होतं."

त्यांना आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं, फेब्रुवारीतल्या फ्लॉपीपासून. काकूंसमोर सांगितलं, त्यांना ऐकू सगळं येतं. गुरुजींनी चष्मा काढला. कधीपासून माहीत होतं, विचारलं. मी म्हटलं, दहा तारखेपासून नक्की. त्यांनी बोटांवर मोजलं, वर्गात मोजायचे तसं.

"एकोणीस दिवस. इथं यायला तुला चार तास लागतात."

एवढंच. आत गेले आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील, हाकलतील. त्याची तयारी मी गाडीत केली होती.

मी दुपारभर डिस्कवर जे जे येतं ते करून बघितलं. मशीन सुरू होतं, डिस्क दिसतच नाही. तुझा आवाज गेला. तुझ्या आईजवळ तुझा तेवढाच होता, आणि तो मी घालवला. नानासोंना मी काल निघताना क्लासच्या दारात चिठ्ठी सरकवून आले, सगळं खरं लिहून. सयाजींनाही लिहिलं आहे. आईला परत गेल्यावर सांगेन. नोकरी राहील असं वाटत नाही.

काकूंचा हात मी माउसवरून काढला. त्यांनी काढू दिला. त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं, तरी त्या काहीतरी मागत होत्या आणि काय ते कळायला मार्ग नव्हता. मग बाजूला साडीचा रिकामा खोका होता तो फाडला. आतला पांढरा पुठ्ठा जमिनीवर अंथरला, पेन्सिलने चोवीस घरं आखली. चित्रं मीच काढली होती ना तुझ्या प्रोग्रॅमसाठी, पाठ होती. पिशवीत स्केचपेनं होती. दिवेलागणीपर्यंत तेच करत बसले. कप, तांब्या, उशी, खिडकी, पंखा, डॉक्टर, देवाचा दिवा. काकू बघत होत्या.

गुरुजी तेव्हा बाहेर आले. पुठ्ठा उचलला, दिव्याखाली धरला, घरं मोजली. शेवटचं घर रिकामं होतं. तिथे काय असायचं ते मला माहीत होतं. मी ते मुद्दामच काढलं नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "राग राहिला."

मी पेन घेतलं आणि काढला. वाकडं तोंड, आक्रसलेल्या भुवया. एक भुवई चौकटीबाहेर गेली. तू प्रोग्रॅममध्ये त्याला "मला राग आलाय" असं म्हटलं होतंस, हसत हसत, आणि काकू तो मुद्दाम पुन्हा पुन्हा वाजवायच्या.

तू ये. महिन्याची सुट्टी नाही मिळाली तर दोन दिवसांसाठी ये. प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागेल. चित्रं माझ्याकडून घे. माझं नाव घालू नकोस, घालायचं असलं तर ते तुझं तू बघ. आवाज मात्र तुलाच द्यावा लागेल. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, मी तू यायच्या आधी सांगलीला जाईन. गुरुजींनी अजून राहा म्हटलेलं नाही, जा पण म्हटलेलं नाही.

पुठ्ठा मी काकूंच्या मांडीवर ठेवला. त्या वरपासून खालपर्यंत सगळी घरं बघत गेल्या. मग डाव्या हाताचं बोट उचललं आणि शेवटच्या घरावर ठेवलं. माझ्याकडे बघत होत्या. मी नजर वळवली नाही. बोट बराच वेळ तिथेच होतं, इतका वेळ की गुरुजी खुर्चीत बसले. नंतर ते बोट हळूहळू सरकत वरच्या ओळीत गेलं आणि तांब्यावर थांबलं.

मी उठले आणि पाणी आणलं.

आम्रपाली